लढाईच्या सिनेमाचा उसना शेवट

सिनेमाचा शेवट कसा असावा, हे आमच्या बदलापूरच्या आत्याला विचारायला हवं होतं. पन्नास सालच्या आसपास शिवमंदिराच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता आणि ती त्यासाठी आमच्याकडे अंबरनाथला राहायला आली होती. सिनेमा लढाईचा. कॅप्टन एका शिपायाच्या भावाला दगा देऊन मारतो आणि शिपाई सुडाची शपथ घेतो. शपथ झाली आणि दिवे लागले.

तंबूचा मालक पुढे येऊन म्हणाला, "शेवटचं रीळ कल्याणलाच राहिलंय. पण हा ज्या जुन्या सिनेमावरून उचललाय, त्याचं रीळ आहे. गोष्ट तीच, सूड तोच. लावतो."

लावलं. बंदूकवाला शिपाई गायब, आणि घोड्यावरून आलेल्या तलवारवाल्याने एका जाड्या सरदाराला भोसकलं. खेळ खलास.

आत्या तंबूतच ठाण मांडून बसली. "कॅप्टन जित्ता हाय. मी घरी जायाची नाय."

मालकाने हात जोडून कशीबशी तिची समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी खरं रीळ फुकट दाखवलं. त्यात शिपायाने बंदूक खाली ठेवली आणि कॅप्टनला माफ केलं.

आत्या उठून थेट मालकाकडे गेली. "कालचाच लाव, बाबा. मानूस चुकीचा मेला, पन मेला तरी."