फौजदारीण नावाच्या कोंबडीबाबत

नाव: मूळ तक्रार अर्जाच्या तळाशी 'अर्ज लिहिणार' म्हणून आहे तेच. गल्लीत मला भाषणबाई म्हणतात. वय: ५८ वर्षे. व्यवसाय: सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. राहणार: तक्रारदाराच्या शेजारचे घर. दोन्ही घरांचे परस एकच.

या ठाण्याच्या बाकावर बसून ज्यांनी ज्यांनी 'कोंबडीच ना, बाई?' हे ऐकून घेतले आहे, त्या सगळ्यांच्या वतीने मी पंधरा तारखेला याच टेबलासमोर उभी राहून वीस मिनिटे बोलले होते. चोरी ही चोरीच असते, ती तराजूत तोलून लहानमोठी ठरवायची नसते, आणि गरिबाच्या परसातले एक पीससुद्धा कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, असे मी तेव्हा म्हणाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज त्याच टेबलासमोर बसून, विचारल्यावरून, समक्ष सांगते की ती चोरी मी केली.

तक्रारदार ही माझी धाकटी जाऊ. या जबाबात तिला धाकटी म्हणते. ती घरी शाळेचे गणवेश शिवते. माझे दीर पाणीपुरवठ्यात फिटर आहेत. माझे पती आठ वर्षांपूर्वी वारले. मला मूलबाळ नाही. परसात एक खुराडे आहे आणि सहा कोंबड्या आहेत. तीन तिच्या, तीन माझ्या, असे आमच्यात ठरलेले आहे. कोंबड्यांना ते कळवलेले नाही.

चोरीस गेलेली कोंबडी धाकटीच्या वाटणीची. रंग तांबूस, तुरा मोठा, नाव फौजदारीण. लेखनिक हवालदारांनी नाव दोनदा विचारले. ते दीरांनी ठेवले. दाणे टाकले की पहिली चोच तिची. ती चालू लागली की बाकीच्या वाट देतात. दोघी भांडू लागल्या की ही मध्ये जाऊन उभी राहते आणि भांडण थांबते. तिच्याखाली चोंबडी. ही प्रत्येक दारात डोकावते, माझ्या स्वयंपाकघरात दोनदा पकडली गेली आहे. मग मावशी, कोणाचेही अंडे दिसले की त्यावर बसणारी. मग घुमी, जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. भित्री स्वतःच्या सावलीला बिचकते. सर्वांत खाली जी आहे तिला शेवटचीच म्हणतात. तिला कोणीही टोचावे आणि तिने ऐकून घ्यावे, असा नियम आहे. खुराड्यातल्या दांडीवर कोणी कुठे बसायचे हेसुद्धा ठरलेले असते.

मला हे मान्य नव्हते. वरचा आणि खालचा ही व्यवस्था कोणीतरी केलेली असते आणि म्हणून ती मोडता येते, हे मी तीस वर्षे सभांतून सांगत आले आहे. माझ्या डोळ्यांदेखत शेवटचीच्या मानेवरची पिसे जात होती. मी ते दिरांना दाखवले. ते म्हणाले, "वहिनी, मग त्यांची युनियन काढा. पावतीपुस्तक मी आणतो."

हवालदारांनी विचारले, "म्हणून पळवली?" मी होय म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणून पुढचे सांगते.

दुपारी जेवणे झाली की धाकटी मागच्या पायरीवर बसून गणवेशांचे कच्चे दोरे उसवते. फौजदारीण येते, तिच्या मांडीवर चढते, एकदा गोल फिरते आणि बसते. धाकटी तिला दाणे देत नाही. तिच्याशी बोलतही नाही. कोंबडी डोळे मिटते. मी माझ्या पायरीवर, तिथून सात फुटांवर, दाण्यांची वाटी घेऊन बसते. माझ्याकडे सगळ्या येतात. वाटी संपली की जातात.

कोंबड्यांवर मी तीन पुस्तके वाचली आहेत. धाकटीने एकही वाचलेले नाही.

एकदा मी विचारले, "तू नेमकं करतेस तरी काय गं तिला?"

"मी कुठं काय करते, ताई? तीच येते."

हे ती हसून म्हणाली. तारीख आठवत नाही. पुन्हा विचारल्यावरून सांगते, पाच तारीख, सोमवार.

आमच्या गल्लीत पाण्याची वाहिनी माझ्या भाषणामुळे आली, हे सर्वांना ठाऊक आहे. पाणी आले त्या संध्याकाळी सगळी गल्ली चहाला धाकटीच्या ओट्यावर जमली. माझाही कप तिने आणून दिला. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे हवालदारांचे म्हणणे आहे. तरी लिहावे.

मंगळवार, तेरा तारखेला दुपारी चारच्या सुमारास धाकटी शिवलेले गणवेश द्यायला शाळेत गेली. मी फौजदारणीला जुन्या शालीत गुंडाळून उचलले. ती ओरडली नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता असे नाही. ओरडण्याइतकी मी तिला महत्त्वाची वाटत नसावे. तिला मी पुस्तकांच्या खोलीत वेताच्या पालथ्या डालग्याखाली ठेवले. खिडकी बंद केली.

संध्याकाळी धाकटी दिवा घेऊन कुंपणाकडेने फिरत होती. "ताई, फौजदारीण दिसत नाही हो. मांजरानं नेली असेल का?"

"मांजरानं नेली असती तर पिसं दिसली असती," मी म्हणाले. हे खरे होते.

त्यानंतर नऊ दिवस कोंबडी माझ्या ताब्यात होती. तिला भिजवलेली डाळ, काकडी, स्वच्छ पाणी वेळेवर दिले. रोज दुपारी मी डालगे उचलून जमिनीवर मांडी पसरून बसत असे. ती एकदाही चढली नाही. सहाव्या दिवशी ती दाराजवळच्या चपलांवर जाऊन बसली. मला बरे वाटले. नंतर पाहिले तर चपला धाकटीच्या होत्या. मागच्या दाराशी आमच्या चपलांची अदलाबदल होते.

पंधरा तारखेला सकाळी धाकटी कोरा कागद घेऊन आली. दोन दिवस तिचे मशीन बंद होते. म्हणाली, "ताई, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. अर्ज लिहून द्याल?" गल्लीतला प्रत्येक अर्ज मी लिहिते. आजवर कोणाला नाही म्हटलेले नाही. भिंतीपलीकडे कोंबडी डालग्यावर चोच मारत होती, म्हणून मी रेडिओ लावला आणि अर्ज लिहिला. चांगला लिहिला. तो कागदपत्रांत आहे.

तिच्याबरोबर ठाण्यात आले. अंमलदार हसले आणि म्हणाले, "कोंबडीच ना, बाई? पाहुण्याच्या ताटात गेली असेल." हे वाक्य कोणी कोणालाही म्हटलेले मला चालत नाही. तेव्हा काय झाले ते ठाण्याला माहीत आहे. तक्रार नोंदवली गेली. परत जाताना रस्त्यात धाकटीने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. आम्ही बावीस वर्षे शेजारी राहतो. हात पहिल्यांदाच धरला होता. त्यामुळे त्या दिवशी कोंबडी परत करता आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

दरम्यान परसात पुढीलप्रमाणे घडले. पहिले तीन दिवस चोंबडी आणि घुमी यांच्यात मारामाऱ्या झाल्या. घुमी जिंकली. जी कधी आवाज करत नव्हती ती सकाळी खुराड्याच्या छपरावर उभी राहून ओरडू लागली. भित्रीही शेवटचीला टोचू लागली. वरची गेली की सगळ्या सारख्या होतील, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. शेवटची शेवटचीच राहिली, फक्त मध्ये पडणारी कोणी उरली नाही. तिचा एक डोळा आता उघडत नाही.

बावीस तारखेला सकाळी दहा वाजता मी फौजदारणीला परसात सोडले. आठवडाभर वेगळी राहिलेली कोंबडी कळपाला परकी होते. तिला थेट सोडू नये. मध्ये जाळी लावून सात-आठ दिवस एकमेकींना दिसू द्यावे, मग मिसळावे. हे मी वाचलेले आहे, पान क्रमांकासकट सांगू शकते. तरी मी थेट सोडली. जाळी लावायची तर ती इतके दिवस कुठे होती हे सांगावे लागले असते. हे एक कारण झाले.

घुमी पहिली धावून आली. मग चोंबडी, मग मावशी. तुऱ्यातून रक्त आले. रक्त दिसले की कोंबड्या थांबत नाहीत. शेवटी शेवटचीनेही टोचले. मी किती वेळ काहीही न करता उभी होते ते मला सांगता येत नाही. दिरांचे म्हणणे असे की, त्यांनी गच्चीवरून पाहिले तेव्हा मी उभी होते आणि ते जिना उतरून आले तेव्हाही उभीच होते.

धाकटी कात्री टाकून, गणवेशाचा सदरा हातात तसाच घेऊन धावत आली आणि तिने बाकीच्यांना पायाने बाजूला सारले. ती खाली बसली. फौजदारीण तिच्या मांडीवर चढली. गोल फिरण्याइतके त्राण नव्हते. मांडीवरच्या पांढऱ्या सदऱ्याला रक्त लागले. धाकटीने तिच्या पाठीत तोंड खुपसले. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "ताई, हिच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतोय."

डांबरगोळ्या आमच्या दोन घरांत फक्त माझ्या पुस्तकांच्या कपाटात असतात. ते तिला ठाऊक आहे.

धाकटीने पदराचे टोक तुऱ्यावर दाबून धरले. मग म्हणाली, "पाणी आणा." मी आणले.

साडेबारा वाजता तपासाचे हवालदार पंचनाम्यासाठी आले. त्यांना धाकटी म्हणाली, "साहेब, सापडली. कुठंतरी अडकली होती, आपली आपणच आली. मला तक्रार चालवायची नाही." हवालदार माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा बाई, मिटलं. आता भाषण नको." तेव्हा मी सांगितले की कोंबडी मी नेली होती, खोली दाखवते, चला. दीर म्हणाले, "वहिनी, कशाला? ती मिटवतेय ना?" मी खोली दाखवली.

धाकटीने खोटे बोलून मला वाचवलेले मला नको होते. तिच्याकडे आधीच पुष्कळ आहे. त्यात माझ्यावरचे उपकार कशाला?

डालगे, शाल आणि कोंबडी मुद्देमाल म्हणून जप्त करण्यात आली. कोंबडी काल दुपारपासून या टेबलाखाली भोके पाडलेल्या खोक्यात आहे. तिने दाणा टिपलेला नाही. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही आणि तारीख पुढच्या शुक्रवारची आहे, असे मला सांगण्यात आले. कोर्टाच्या तारखेसाठी घुमी थांबणार नाही. आज जाळीपलीकडे ठेवली तर फौजदारणीला परसात कुठेतरी, कदाचित खालची, पण जागा मिळेल. शुक्रवारपर्यंत या खोक्यात ती जगणारच नाही. धाकटी सकाळी नऊपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे. ती मागत नाही, कारण मागितले तर माझ्यावरचा गुन्हा पक्का होईल असे तिला वाटते. तिचा आवाज आत आला की खोका हलतो. मी गेले दोन तास याच टेबलाशी बोलते आहे. खोका हललेला नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेरही ऐकू गेला असेल. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरा आहे. त्यातला एकही शब्द मला बदलायचा नाही. मात्र सहीच्या आधी एवढे लिहून घ्यावे. ते होईपर्यंत मी सही करणार नाही. माझी शिक्षा केव्हाही ठरवा, मी इथेच आहे. साहेब, तो खोका आत्ता उचला, दार उघडा आणि ती कोंबडी माझ्या धाकट्या जावेच्या मांडीवर ठेवा.