यादीतलं सगळ्यात वरचं नाव

लोकवर्गणीतून पत्रकारिता होत नाही असं म्हणता ना, मग हे ऐका. आमच्या कॅम्प पाच वस्तीच्या मागचा नाला रोज निळा का होतो, हे शोधायला सायली आणि मी वर्गणी मागत फिरलो, कारण पाणी तपासायची फी आमच्या खिशाबाहेरची होती. पावतीपुस्तक गणपती मंडळाचं उरलेलं होतं. त्यामुळे लोकांची अटही मंडळासारखीच: बातमीखाली देणगीदारांची नावं छापा.

जीन्स धुण्याच्या कारखान्याच्या एका सेठनी आधी शेजारच्या कारखानदाराने किती दिले ते पाहिलं आणि त्याहून मोठी पावती फाडली. "अंबरनाथच्या केमिकलवाल्यांना सोडू नका, बेटा. सगळी घाण तिकडूनच येते. और मेरा नाम सबसे ऊपर."

आम्ही नाल्याच्या कडेने चालत गेलो. अंबरनाथकडून येणारं पाणी काळं होतं. निळं पाणी सेठच्या कारखान्यामागच्या पाइपातून पडत होतं.

छापण्याआधी त्यांची बाजू विचारायला गेलो. बातमी वाचून सेठनी चहाचा कप खाली ठेवला.

"पैसा मैंने दिया, और नाम भी मेरा?"

"तुम्हीच म्हणालात, सगळ्यात वर," सायली म्हणाली.

"बातमीतून काढा."

"ते जमणार नाही, सेठ. देणगीदारांच्या यादीतून काढते. पैसेही परत करते."

सेठनी यादी पुढे ओढली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"यादीत राहू दे," ते म्हणाले. "नाहीतर शेजारचा वर येईल."