नात्याचा रकाना

जबाब
दिनांक १९ ऑगस्ट २०२५

मी, ऑस्कर पास्कोल तुस्कानो, वय ६३ वर्षे, व्यवसाय बागायती, राहणार पापडी, तालुका वसई, जिल्हा पालघर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. सोनचाफा, केळी आणि थोडी पानवेल अशी माझी वाडी आहे. माझी पत्नी फिलोमिना दोन वर्षांपूर्वी आजाराने वारली. घरात मी व फ्लॉईड, वय १८, असे दोघेच राहतो. फ्लॉईड शनिवार दिनांक १६ रोजी संध्याकाळी सायकल घेऊन घरातून गेला तो अद्याप आलेला नाही. त्याचा शोध घ्यावा म्हणून मी आलो आहे.

हवालदार साहेबांनी सुरुवातीलाच फ्लॉईड तुमचा कोण असे विचारले. त्याच्या आधार कार्डावर वडील म्हणून माझे नाव पाहून ते तो रकाना भरायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. आधी सगळे ऐका, मग नाते लिहा, अशी विनंती केली. त्यांनी ऐकून घेतले. एरवी माझे कोणी इतके ऐकत नाही, कारण मी लवकर तापतो, हे अख्ख्या पापडीला माहीत आहे.

फ्लॉईडचे जन्मदाते वडील रुडॉल्फ मच्याडो हे माझे शेजारी व लहानपणापासूनचे मित्र. फ्लॉईडच्या बाप्तिस्म्याला मी त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिलो. फ्लॉईड तीन वर्षांचा असताना रुडॉल्फ व त्याची बायको महामार्गावर अपघातात जागीच गेले. पोर त्या दिवशी आमच्याकडे होते, म्हणून वाचले. मातीनंतर रुडॉल्फचा भाऊ परदेशी निघून गेला, पोराचे काय करायचे हे त्याने विचारलेसुद्धा नाही. त्याने विचारण्याची गरजही नव्हती. आमच्यात धर्मपिता म्हणजे नवा शर्ट घालून फोटोला उभा राहणारा पाहुणा नव्हे. आईबापाचे बरेवाईट झाले तर पोर त्याचे, असे आमची जुनी माणसे मानतात. कबरस्तानातून मी त्याला कडेवर घेऊन घरी आलो. आम्हाला मूलबाळ नव्हते.

शाळेत घालताना बाईंनी वडिलांचे नाव विचारले. मी माझे सांगितले. पुढे रेशन कार्ड, आधार, दहावीचा दाखला, सगळीकडे तेच नाव गेले. कोर्टात जाऊन दत्तक घ्यायचे असते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी मी गेलो नसतो. घरातल्या पोराला घरी आणायला कोर्ट कशाला? त्यात माझी चूक झाली असे मला तेव्हा वाटले नाही व आजही वाटत नाही.

फ्लॉईड यंदा बारावी पास झाला. त्याला नर्सिंगला जायचे आहे. फिलोमिना अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या जखमेची पट्टी तोच बदलायचा. मला ते बघवत नसे, मी वाडीत निघून जात असे. शिक्षणासाठी रस्त्याकडेची वाडीची पट्टी विकायची असे मी मनात ठरवले होते. एजंट येऊन बघून गेला होता. ते फ्लॉईडला कळले, तेव्हापासून तो जेवणावर नीट बसत नव्हता.

नालासोपारा पूर्वेला तुळिंज येथे हेमांगी नावाची मुलगी एक केंद्र चालवते. पोरापोरींना सरकारच्या कोणत्या योजना लागू होतात, कोणते कागद लागतात हे ती समजावते, अर्ज भरून देते. जितेश नावाच्या मित्राच्या शिष्यवृत्तीसाठी फ्लॉईड त्याच्यासोबत तिथे गेला होता. बोलता बोलता हेमांगीला त्याच्या आईवडिलांचे समजले. तिने त्याला सांगितले की तुलाच अनाथ प्रमाणपत्र मिळू शकते, त्यावर राखीव जागा आहे, फीची सवलत आहे. तो घरी आला तो उड्या मारतच आला. वाडी विकायची नाही आता, हे त्याचे पहिले वाक्य. मी मात्र प्रमाणपत्राचे नाव ऐकले आणि माझे डोके फिरले.

अर्ज केला तो परत आला. वडील हयात आहेत, असा शेरा. तेव्हा हेमांगी स्वतः आमच्या घरी आली. तिने मला सगळे शांतपणे समजावले. चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला, रुडॉल्फ व त्याच्या बायकोचे मृत्यूचे दाखले हे तिने फ्लॉईडकडून जमवून घेतले होते. माझे एक प्रतिज्ञापत्र मिळाले की शाळेची नोंद दुरुस्त करता येईल, असे तिचे म्हणणे होते. ती म्हणाली, काका, ह्यात तुमचे काही जात नाही, त्याला मात्र सगळे मिळते. मी मसुदा वाचला. त्यात लिहिले होते की मी फ्लॉईडचा पिता नसून मी त्याचा केवळ सांभाळ केला आहे. केवळ! पंधरा वर्षे मी काय केले ते त्या एका शब्दात बसवले होते. मी तिला चहा अर्धा टाकायला लावून घराबाहेर काढले. ती पोर रागावली नाही. जाताना कप उचलून मोरीत ठेवून गेली. आज मला त्याची लाज वाटते.

शनिवारी अर्जाची मुदत संपत होती. संध्याकाळी मी जेवायला बसलो असता फ्लॉईडने तो स्टॅम्प पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर पेन ठेवला. मला म्हणाला, "बाबा, फक्त कागदावर." मी त्यावर जे बोललो ते जसेच्या तसे लिहावे असे मी हवालदार साहेबांना सांगितले आहे. मी म्हणालो, "अनाथच व्हायचे असेल तर आधी माझ्या घरातून बाहेर हो."

मांजर तोंड घालील म्हणून त्याने कालवणाच्या टोपावर झाकण ठेवले, सायकल काढली आणि गेला. मी हाक मारली नाही. स्टॅम्प पेपर माझ्याकडे आहे, त्यावर सही नाही.

तक्रार द्यायला उशीर का केला असे विचारले असता सांगतो की, पोट त्याला घरी आणील असे मला वाटले. रविवारी चर्चमध्ये पहिल्या मिस्साला येईल म्हणून मी मागच्या बाकावर बसून दाराकडे बघत राहिलो. फादर काय बोलले ते मला आठवत नाही. पहाटे चाफ्याच्या कळ्या काढायला शिडीवर तोच चढतो, माझे गुडघे गेलेले आहेत. दोन दिवस फुले झाडावरच उमलली. जितेशकडे गेलो, त्याच्याकडे नाही. हेमांगीच्या केंद्रावर गेलो, तिथेही नाही. मला दारात बघून ती चप्पल घालून तशीच माझ्याबरोबर निघाली. फोन बंद लागतो. मी तरीही लावतो.

सोमवारी संध्याकाळी पाचूबंदर येथे जेटीजवळ भिंतीला टेकवलेली त्याची सायकल आम्हाला मिळून आली. तिला कुलूप आहे, किल्ली तिथे नव्हती. कुलूप लावले म्हणजे परत यायचे होते, असे मी धरतो. हवालदार साहेबांनीही तसेच धरावे. जाळी नीट करणाऱ्या माणसांनी सांगितले की शनिवारी अंधार पडेपर्यंत एक पोरगा जेटीवर बसला होता, तो कधी उठला ते त्यांनी पाहिले नाही. माझ्या मुलाला पोहता येत नाही. घरची विहीर असून मी त्याला शिकवले नाही, कारण फिलोमिनाला भीती वाटायची.

वर्णन विचारले असता सांगतो की, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा टी-शर्ट व काळी पँट. उंची मला आकड्यात सांगता येणार नाही. माझ्यापेक्षा बोटभर जास्त आहे, गेल्या नाताळपर्यंत बरोबरीला होता. हनुवटीखाली डाव्या बाजूला शिडीवरून पडल्याची खूण आहे. गळ्यात फिलोमिनाचा क्रूस आहे. असे वर्णनाचे कोणी कुठे मिळाले असल्यास, इस्पितळात किंवा आणखी कुठे, मी ओळखायला येईन. मला एकट्याला बोलवावे.

आता नात्याबद्दल. हेमांगी बाहेर बाकावर बसली आहे. यंदाची मुदत गेली तरी पुढच्या वर्षी अर्ज करता येतो, असे मीच तिच्याकडून काढून घेतले. पोलिसांच्या कागदावर मी बाप म्हणून लागलो तर तो कागद पुढे आडवा येईल का, हेही मीच विचारले. ती म्हणाली, येऊ शकतो, पण ते सोडा काका, आधी तो सापडू दे. मी ते सोडणार नाही. तो परत आला आणि पुन्हा माझ्या नावापाशी अडला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

तरी मी कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, फ्लॉईड याचे वडील रुडॉल्फ मच्याडो व आई हे दोघेही मयत आहेत. मी त्याचा पिता नाही. मी त्याचा केवळ सांभाळ केला आहे. नात्याच्या रकान्यात नाते नाही असे लिहावे. ह्या जबाबाची प्रत हेमांगीला द्यावी, म्हणजे ती त्याच्या फाईलला लावील. फ्लॉईड कोणत्याही अवस्थेत सापडला तरी मलाच कळवावे. त्याला दुसरे कोणी नाही.

हवालदार साहेबांनी हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. सायकलीबद्दल सांगताना एका ठिकाणी 'माझ्या मुलाला' असे आले आहे, ते माझ्या तोंडून गेले. ते खोडून तिथे 'फ्लॉईडला' करावे असे मी सांगितले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे.

सही
ऑस्कर पास्कोल तुस्कानो