संध्याकाळी सांगतो

‘दादा, यातले कोंबडे किती आणि कोंबड्या किती?’ एवढंच विचारलं होतं हो मी! काय चुकलं माझं? खोक्यापुढे आम्ही दोघं उकिडवे बसलेलो, दादानं एक अंडं टॉर्चवर धरलेलं, आत लाल लाल शिरा, मधे एक ठिपका उड्या मारतोय, आणि दादा असा बघतोय की जणू त्या ठिपक्यानं त्याला सगळं कानात सांगितलंय. मी म्हटलं, कोंबडा की कोंबडी? तर म्हणाला, ‘संध्याकाळी सांगतो, बारक्या.’ हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली, जिना उतरला… आणि संध्याकाळी नुसती पिशवी परत आली. वायरमन माणूस, सगळा जन्म वायरींशी खेळला, आणि एका वायरीनं… जाऊ दे. ते नाही सांगत. मी कोंबड्यांचं सांगतोय.

तर तुम्हाला सांगतो, तो खोका दादानंच बनवलेला. थर्माकोलचा, आत बल्ब, पाण्याची वाटी, वर काच. आणि अंडी? ज्याच्याकडे पंखा दुरुस्त करायला जाईल त्याच्या खुराड्यातलं एक मागून खिशात घालून यायचा. कुठलं अंडं कुणाकडचं, कुठल्या जातीचं, सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. आणि डोकं… म्हटलं ना, जाऊ दे!

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि आई उठली ती तडक मेन स्विचकडे. खटकन खाली! ‘या घरात वीज नको मला!’ बल्ब गेला. आता आईला काय म्हणणार? मी स्विच वर केला. तिनं खाली. मी वर. ती खाली. शेजारी बघतायत, अरे हे मरणाचं घर आहे की काय, आई आणि मुलगा स्विचला लोंबकळतायत! मी ओरडतोय, ‘आई, पिल्लं मरतील!’ ती ओरडतेय, ‘मरू दे!’ आणि वहिनी… सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती वहिनी… ती उठली, खोका उचलला, पांघरुणात गुंडाळला आणि पोटाशी धरून बसली. मग आईनंच स्विच वर केला.

पाच निघाली. पाच! पण पाच तऱ्हांची हो! एकाच्या पायांवर पिसं, मोजे घातल्यासारखी. एकाची मान उघडी, न्हाव्यानं अर्ध्यात सोडल्यासारखी. एक काळं, एक तपकिरी, एक तर रोज वेगळंच दिसायचं. बघणारा विचारायचा, ‘जात कुठली?’ मी म्हणायचो, ‘दादाची.’ दुसरं काय सांगणार?

आणि त्यात घरमालक! मालक खालीच राहतात. उभा जन्म रात्रपाळीची चौकीदारी केली, आता पहाटेची झोप म्हणजे त्यांचा जीव. जिन्यात मला अडवलं. ‘कोंबड्या पाळा, ना नाही. दुःखाचं घर आहे. पण कोंबडा आरवला ना, तर त्याच दिवशी सगळी वरात बाहेर. एक पिल्लू ठेवणार नाही.’ म्हणजे आरवायच्या आधी कोंबडा ओळखायचा, त्याला गुपचूप कुठंतरी पोचवायचं, आणि बाकीच्यांना वाचवायचं. आता मला सांगा, ओळखायचं कसं?

चिकनवाला म्हणाला, ‘पाय धरून उलटं टांग. मान वर उचलली तर कोंबडा.’ टांगलं. पाचही पिल्लांनी मान वर उचलली. तुम्हाला टांगलं तर तुम्ही नाही उचलणार? शिंपी म्हणाला, ‘छे छे, दोऱ्यात सुई ओव, डोक्यावर धर. गोल फिरली तर कोंबडी, सरळ झुलली तर कोंबडा.’ सुई गोलही फिरली, सरळही झुलली, आणि शेवटी मोजेवाल्या पिल्लानं चोचीत पकडून गिळायला घेतली! समोरची मावशी म्हणाली, ‘जे जास्त कटकट करतं ते कोंबडी.’ तर आतून काका म्हणाले, ‘हे मात्र बरोबर आहे हं,’ आणि मग त्यांचंच भांडण लागलं, मी तसाच पिल्लू घेऊन दारात उभा. गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पंखाची पिसं पसरून बघितली, चष्मा वर केला, खाली केला. ‘हे पिसांवरून ओळखणं ठरावीक जातींत चालतं. हा सगळा संकर आहे. काही महिने थांब, आपोआप कळेल.’ अहो डॉक्टर, आपोआप कळेल ते मालकांनाही कळेल ना! तेव्हा ते म्हणाले, ‘मोजेवाली मात्र नक्की कोंबडी. लिहून देतो.’ लिहून दिलं नाही, पण म्हणाले. परत येताना चिकनवाल्यानं हाक मारली, ‘काय रे, कळलं का? नसेल तर माझ्याकडे सोड, मी आत बघून सांगतो.’ आत बघून! मी पळालो.

लाल दोरा कोंबड्याला, निळा कोंबडीला, असं बांधत होतो मी. जो जे सांगेल ते. आठवड्यात पाचही पिल्लांच्या पायात लाल-निळे दोरे, नाचायला निघाल्यासारखी. कोंबडा की कोंबडी? संध्याकाळी सांगतो!

आणि तेवढ्यात उघड्या मानेचं ते पिल्लू वहिनीच्या मांडीवर जाऊन बसलं. रोज बसायचं. वहिनी भिंतीकडे बघत बसलेली, आणि ते तिच्या बांगड्यांना चोच मारतंय. एक दिवस वहिनी म्हणाली, ‘राणी, पुरे.’ तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला तांब्या पडला! इतक्या दिवसांत पहिला शब्द! आई स्वयंपाकघरातून धावत आली, ‘कोण बोललं?’ झालं. राणी म्हटल्यावर ती कोंबडीच! मी तिच्या पायातला लाल दोरा कापला आणि वर आणखी दोन निळे बांधले. पण रात्रंदिवस माझा डोळा तिच्या तुऱ्यावर. तुरा वाढतोय. लाल होतोय. मी वहिनीला म्हणालो, ‘वहिनी, दादा असता तर एका नजरेत सांगितलं असतं. संध्याकाळी सांगतो म्हणाला होता.’ वहिनीनं राणीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘भाऊजी, ते संध्याकाळी सांगतो म्हणाले ना, की समजायचं, त्यांना माहीत नाही.’ आणि हसली. आणि मग रडली. आणि राणी मधेच बसलेली, तिला काय त्याचं!

आणि काल… काल पहाटे राणी आरवली.

काय सांगू! धड आरवणं नाही, सायकलचा गंजका ब्रेक लागावा तसं. पण आरवणंच! खाली मालकांचं दार वाजलं. चपला जिन्यात. फटक, फटक. वहिनीनं राणीला पदराखाली घेतलं, आई दाराशी येऊन उभी, आणि दोघी माझ्याकडे बघतायत. माझ्याकडे! मी काय दादा आहे? मी दार उघडलं, बाहेर गेलो, दार मागे ओढून घेतलं.

‘कोण आरवलं?’

‘मी.’

‘तू?’

‘हो मालक. दादा गेल्यापासून असं होतं मला. पहाटे आपोआप येतं.’

‘आरवून दाखव.’

आता? तुम्हीच सांगा, माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? हात तोंडाशी धरले, डोळे मिटले आणि आरवलो. पूर्ण ताकदीनं. समोरच्या मावशीच्या घरात दिवा लागला. मालक बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, ‘उद्यापासून जरा उजाडल्यावर आरवत जा,’ आणि वळले. एक पायरी उतरले, दुसरी उतरले…

आणि आतून मोजेवाली आरवली. डॉक्टरांची नक्की कोंबडी! आवाज बारीक, फाटका, राणीशी काही नातं नाही.

मालकांचा पाय तिसऱ्या पायरीवर थांबला. मागे वळले नाहीत. नुसते थांबले.

मग काय करता? घसा खाकरला, आणि त्याच बारीक, फाटक्या आवाजात परत आरवलो.