उमेदवार माशाला टाकीत रुजू करून घेण्याबाबत

विषय : दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवीन मासा रुजू करून घेणेबाबत. संदर्भ : आमच्या मंडळींनी मुलीच्या घरून फोनवर दिलेला तोंडी आदेश.

म्हणजे बघा, आदेश देणारी तिकडे, टाकी इकडे, आणि मधल्या मध्ये मी, बादलीत मीठ ढवळत बसलेला... आणि वर जो तो मलाच सांगतो, घाई करायची नाही. मला! अहो, ज्याने अख्खी नोकरी सरकारी कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढली, त्याला? माझ्या टेबलावर कागद यायचा तो मुक्कामालाच यायचा. घाई हा प्रकार मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा करायला निघालो, तर सगळे आडवे.

तुम्हाला सांगतो, मुळात ही टाकी तिची. हौस तिची, निगा तिची, मी आपला वर्तमानपत्रातून डोकं वर काढून ‘छान’ म्हणणारा. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती. मुलीचं बाळंतपण आलं आणि ही बॅग भरून गेली. ‘बाळ मान धरेपर्यंत,’ म्हणाली. धरली त्याने मान. मग ‘बसायला लागेपर्यंत.’ बसलं. आता रांगतंय म्हणे, आणि रांगतं पोर सोडून कुठली आजी घरी परतलीय? इकडे जोडीतला आकाराने धाकटा म्हातारपणाने गेला आणि उरलेली थोरली कोपऱ्यात तोंड घालून बसली. खाईना, पिईना... आता मासा पितो का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मी फोनवर कळवलं, तर ही म्हणते, “अगंबाई, एकटी पडली हो बिचारी. एकट्या जिवाला असं ठेवू नये. जोडीदार आणा तिला. मी आले की मला जोडी दिसली पाहिजे.”

यातलं ‘मी आले की’ एवढंच मला ऐकू आलं. एकट्या जिवाबद्दलचा मजकूर मी शेरा न मारता दाखल करून घेतला.

लगोलग दुकान गाठलं. मासेवाला म्हणाला, “काका, लहानच घ्या. यांच्यात मोठी असते ती बाई, लहान असतो तो बाप्या. लहान्याने हिच्यापुढे अंग थरथरवलं की समजायचं, मालकीण मान्य केली.” म्हटलं, हे मला नको शिकवूस, पुढचं सांग. तर पुढचं काय? “नेला आणि सोडला असं नाही चालत. आधी वेगळ्या टाकीत ठेवा. वाळू नाही, दगड नाही, लपायला नळीचा तुकडा तेवढा द्या. काही आठवडे नजर ठेवायची. खातो का, अंगावर पांढरे ठिपके उठतात का. आजार घेऊन आत गेला तर थोरलीलाही घेऊन जाईल. काका, घाई करायची नाही.”

म्हणजे उमेदवारी! कायम करण्यापूर्वी वर्तणूक तपासणार. ठीक आहे, नियम आहे. छोटी टाकी ठेवायला जागा कुठे, तर झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारी, हिच्या बाजूच्या टेबलावर. तिचा चष्मा असायचा तिथे. हवेचा पंप लावला, गुरगुर सुरू झाली, आणि खोटं कशाला बोलू, इतक्या महिन्यांनी त्या बाजूने काहीतरी आवाज आला. हुबेहूब नाही, पण... हे तिला सांगू नका, आपण घोरतो हे तिला मान्य नाही.

उमेदवार खात होता. ठिपका एक नाही. मी मासेवाल्याला फोन करायचो, “सोडू?” तो म्हणायचा, “काका...” मी म्हणायचो, “कळलं.” शेवटी शेवटी तर तो नुसता खाकरायचा.

एकदाचा हुकूम सुटला. तरी एकदम नाहीच. उमेदवाराला त्याच्याच पाण्यासकट बादलीत घ्यायचं, मोठ्या टाकीतून बारीक नळी सोडायची, नळीला गाठ मारायची, आणि थेंब... थेंब... दोन्हीकडचं मीठ सारखं होईपर्यंत. माझा हात दोनदा गेला हो गाठ सैल करायला. पण मासा दगावला, तर ‘मी आले की’सुद्धा दगावलं ना! हात मागे घेतला. मग दिवा बंद. मग टाकीतले दगड हलवायचे, कारण थोरलीला वाटतं सगळी टाकी आपल्याच नावावर. दगड हलले की तिलाही घर नवं, त्यालाही नवं. मग त्याला आधी भोकांच्या डब्यात घालून आत ठेवायचं, नुसतं बघून घ्या एकमेकांना म्हणून. आमच्या वेळी बघण्याच्या कार्यक्रमाला एवढी व्यवस्था नव्हती.

डबा उघडला. थोरली धावून गेली. आणि उमेदवार थरथरला! शहाणं पोर. थोरली थांबली, एक फेरी मारली, आणि खायला वर आली. त्याला शेजारी घेऊन.

मी तडक हिला फोन लावला, टाकीसमोर धरला. ती कौतुकाने बघत राहिली. “जमलं की हो तुम्हाला.”

“मग? कधी येतेस?”

“अहो, कशी येऊ? हा माझ्या कुशीत आल्याशिवाय झोपत नाही. एकदम निघाले तर बावरेल. हळूहळू सवय मोडायला हवी. आता तुम्हीच बघितलंत ना, घाई करून चालत नाही.”

मागून मुलगी ओरडली, “बाबा, त्यापेक्षा तुम्हीच या ना इकडे!”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हीच म्हणाली, “छे, ते कसे येतील? आत्ता कुठे जोडी बसलीय. त्यांना सोडून नका हं येऊ.”

झालं? स्वतःच्या हाताने स्वतःला टाकीला बांधून घेतलं. आता जोडी आत फिरते, काच पुसणारा बाहेर. कधी उमेदवार काचेशी येऊन माझ्याकडे बघतो. मी थरथरून दाखवत नाही, पण आमचं एकमेकांना समजतं.

मग मी मोबाइलवरून रीतसर अर्ज केला. ‘महोदया, आपल्या अनुपस्थितीत येथील कामकाज सुरळीत चालू आहे, मात्र त्याचा काही उपयोग नाही. तरी आपण मूळ ठिकाणी त्वरित रुजू व्हावे, ही नम्र विनंती.’ उत्तर आलं, ‘बघते.’

खिडकीच्या आतून हे उत्तर मीही दिलेलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. अर्ज पोचला आहे. वाचला गेल्याच्या निळ्या खुणाही उमटल्या आहेत. निर्णय प्रलंबित आहे.