म्हातारा मधुमेहानेच गेला!

...नाही, अभिनंदन नको! हात खाली घ्या तो! आणि त्या पोपटाचं नावसुद्धा काढू नका माझ्यासमोर!

शेवटचा कोण आहे रांगेत? तुम्ही का बाई? बरं, मी तुमच्या मागे. बाहेरगावच्या दिसता, म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही, बरं झालं, ऐका, पाव यायला अजून तासभर आहे. मी एरास्मो. रेडिओवरचा. रोज सकाळी मी आणि माझा मित्र निवाल्दो, दोघं मिळून सिनेमा-मालिकांचं परीक्षण करतो. आता तुम्ही म्हणाल, परीक्षण कशाला हवं? अहो, ज्या आमच्या कामाग्वे गावात मालिका अर्धी झाली की दिवे जातात, तिथे परीक्षण कुणाला हवंय! लोकांना हवं असतं ‘पुढे काय झालं’ एवढंच! आणि ते सांगणार कोण? मी! का? आमची गल्ली दवाखान्याच्या विजेच्या लायनीवर. दिवे जातच नाहीत! गल्लीत घरं पाच, त्यातल्या दोघी म्हाताऱ्या ठार बहिऱ्या, म्हणजे सगळ्या गावात शेवटपर्यंत बघणारा आणि ऐकणारा मी जवळजवळ एकटाच. मी पाहिलंय हो, डोळ्यांनी पाहिलंय!

आणि निवाल्दो? त्याच्याकडे दिवे गेले की गेले. अर्धं बघतो, अर्धं ठोकून देतो! तुम्हाला सांगतो, मागे एक सिनेमा आला, पेनड्राइव्हवरून घरोघर फिरत, थिएटरात बसून चोरून टिपलेला. मध्येच पुढच्या रांगेतला एक टोपीवाला उठला, पडद्यासमोरून लघवीला गेला, परत आला. निवाल्दो रेडिओवर काय म्हणतो माहितीये? “तो काळा टोपीवाला... एक शब्द बोलत नाही, पण सगळा सिनेमा खाऊन टाकतो!” आठवडाभर गावात चर्चा, टोपीवाला म्हणजे मृत्यू की बापाचं भूत! मी म्हटलं, अरे, त्याला लघवीला लागली होती! तर लोक म्हणाले, एरास्मोला कलेतलं कळत नाही.

मग ती ब्राझीलची मालिका आली. म्हातारा जमीनदार ओतावियो मेला. विष कुणी घातलं? सत्त्याऐंशी भाग, बाई! सत्त्याऐंशी भाग सगळ्या गावाला हाच घोर! आणि सत्त्याऐंशीव्या भागात डॉक्टर सांगतो, विष नाही, मधुमेह. मी सकाळी प्रामाणिकपणे सांगितलं, म्हातारा मधुमेहाने गेला. निवाल्दो तिथेच खो-खो हसला. “मधुमेह? अरे बाबा, पाद्र्यानं विष घातलं! आणि साक्ष कुणी दिली? पोपटानं!”

पोपट! मालिकेत पोपट एकदाच दिसला होता, तोही पिंजऱ्यात, तोही पाठमोरा!

लोकांनी मला फोनवर काय काय ऐकवलं! “एवढे महिने बघितलं ते साखरेच्या रोगासाठी का?” बरं, माझी बायको ओदालिस शेजारी बसून बघत होती ना, तिला म्हटलं, तू तरी सांग! तर म्हणते, “पाहिलं रे मीपण. पण पोपट बरा वाटतो.” आता काय बोलायचं? मी पाहिलंय हो, डोळ्यांनी पाहिलंय!

तेवढ्यात रेडिओ स्टेशनच्या मुख्य मारिबेलबाईंनी फर्मान काढलं, कार्यक्रमाची वेळ निम्मी, माणूस एकच राहील. “शेवटचा भाग होऊ दे. लोक ज्याचं ऐकतील तो राहील.” अकरा वर्षं हो! अकरा वर्षं रोज सकाळी त्या माईकसमोर बसतोय, दुसरं मला येतं काय? पण म्हटलं, घाबरायचं कशाला, दवाखान्याची लायन आहे.

शेवटचा भाग. म्हातारा मरताना मुलीला, जांदिराला, एक चिठ्ठी ठेवून गेलेला. जांदिरा पाकीट फोडते, चिठ्ठी उलगडते, ओठ थरथरतात, आणि... फट्! दिवे गेले! माझ्याकडे! त्याच दिवशी दवाखान्याला नवीन जनरेटर आला आणि आमची गल्ली लायनीवरून काढली! मुहूर्त बघा!

सकाळी स्टुडिओत बसलो. निवाल्दो माईकमध्ये म्हणतो, “एरास्मो, तू तर डोळ्यांनी बघतोस. सांग, चिठ्ठीत काय होतं?” सगळं गाव कान लावून बसलेलं. आणि तुमची शपथ, कसं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघालं, “चिठ्ठी कोरी होती. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. जे सांगायचं ते त्यानं पोपटाला शिकवून ठेवलं होतं. पोपट उडत आला, जांदिराच्या खांद्यावर बसला, म्हणाला... पोरी, घरी ये.”

काचेपलीकडे मारिबेलबाई बाहीने डोळे पुसतायत! आणि निवाल्दो हळूच म्हणाला, “खरंय. मीपण पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलंय.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तू कुठून पाहिलंस रे?” तर म्हणे, शेजारच्या गावी मेव्हणीकडे होतो, तिथे दिवे होते. शेवटपर्यंत पाहिलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा गाढवाला खरा शेवट माहीत होता, एका वाक्यात माझं दुकान बंद करता आलं असतं! “मग चिठ्ठीत होतं काय?” “काही नाही रे. पत्ता चुकला होता, दुसऱ्याच जांदिराची निघाली.” आणि माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणतो, “तुझा पोपट बरा.”

मारिबेलबाईंनी दोघांनाही ठेवलं. गावात मी आता मोठा कलावंत, कालपासून लोक हात हातात घेऊन रडतायत. आणि आजच आमच्या गल्लीची लायन पुन्हा जोडली, दिवे चोवीस तास! पण उपयोग काय? माझ्या नेमणुकीच्या कागदावर बाईंनी स्वतःच्या हाताने अट घातलीये... परीक्षकाने अर्ध्यानंतर टीव्ही बंद करावा!