फळ्यावरचा हेवा

नाही हो मॅडम, मत्सर नाही — हेवा. भावाभावांत काही आहे का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शाळेत भाषा शिकवतो मी, हा फरक दर वर्षी फळ्यावर लिहितो — दुसऱ्याचं जावं असं वाटतं तो मत्सर, त्याचं त्याला राहो पण मलाही मिळो असं वाटतं तो हेवा. मग विचारतो, कोणाला कशाचा वाटतो रे? कुणी म्हणतं सायकलचा, कुणी म्हणतं ताईच्या खोलीचा. हसतात कार्टी. मीही हसायचो. — घाबरू नका, हे डायलिसिसचं मशीन असंच वाजतं, सिस्टर येतील.

मला कशाचा वाटतो, सांगू? पाण्याचा! धाकटा बाहेरून आला की फ्रिज उघडणार, बाटली तोंडाला लावणार आणि घटाघटा — हनुवटीवरून ओघळतं, पुसतसुद्धा नाही. मला पाणी मोजून मिळतं, मी इथे बर्फाचा खडा चघळून दिवस काढतो! हल्ली माझ्यासमोर पीत नाही तो. बाथरूममध्ये जाऊन नळाचं पितो. मला ऐकू येतं. गुणी आहे हो. पण आता सांगा, त्याचं त्याला राहो आणि मलाही मिळो — किडनीच्या बाबतीत हे जमवायचं कसं? तुला दोन आहेत, असं म्हटलंही मी त्याला. रागाने नाही — जेवताना, आईसमोर. त्याची बायको ताटावरून उठून गेली. तिला दिवस गेलेत, कशानेही रडू येतं — त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो हो म्हणाला. लगेच नाही, पण म्हणाला. आई हात जोडून बसली होती, म्हणजे — बसली होती आपली.

पण त्याला एकट्यालाच का बोलावता? किडनी देणाऱ्याशी एकट्याशीच बोलायचं, हा तुम्हा समुपदेशकांचा नियम असेल, मान्य. दार लावून विचारता, आणि तो नको म्हणाला की आम्हाला सांगणार, ‘रिपोर्ट जुळले नाहीत.’ पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांच्या मुलीचं तसंच सांगितलंत ना? आम्हाला सगळं कळतं मॅडम. त्यापेक्षा इथेच विचारा की, माझ्यासमोर. मी चकार शब्द काढणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. लहानपणापासून माझ्या तोंडावर कधी नाही म्हटलेलं नाही त्याने, त्याला जमतच नाही ते —

अशा काय बघताय?

त्याला सांगा... नाही. काही सांगू नका. जा तुम्ही.